गाडी विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने चालवावी?

मावळ-लोणावळ्याच्या व्यापाऱ्यांनी सही करण्यापूर्वी मांडावयाचा हिशेब

धंदा वाढू लागला की एक वेळ अशी येते, जेव्हा दारात उभ्या असलेल्या एका टेम्पोने भागत नाही. कामशेतच्या बेकरीवाल्याला वडगाव आणि तळेगावची दुकाने एकाच सकाळी गाठायची असतात. पवनानगरच्या बाजूला शेड टाकलेल्या कोंबडीच्या व्यापाऱ्याला रात्रीच पुण्याकडे माल काढावा लागतो. तळेगाव एमआयडीसीतील कारखान्यांना सुटा माल पोहोचविणाऱ्याकडे आणखी दोन गाड्यांची मागणी होते. लोणावळ्याच्या हॉटेलवाल्याला शनिवार-रविवारी पाहुण्यांसाठी गाड्या हव्या असतात आणि सोमवारी त्याच गाड्या नुसत्या उभ्या राहतात.

पूर्वी या गरजेला एकच उत्तर होते. पुढचे पैसे जमवायचे, बाकीचे कर्ज काढायचे आणि गाडी घ्यायची. बजाज टेम्पो या आकुर्डीच्या कंपनीचे (आजची फोर्स मोटर्स) नावच आपल्याकडे प्रत्येक लहान मालगाडीला चिकटले आणि २००५ मध्ये टाटांचा ‘छोटा हत्ती’ आल्यावर तर किराणा दुकानदारही गाडीमालक झाला. आता मात्र ‘गाडी विकत कशाला घेता? लीजवर घ्या. विमा आमचा, दुरुस्ती आमची, तुम्ही फक्त महिन्याचे भाडे भरा,’ असे सांगणारेही भेटतात. सांगणारा आपल्या फायद्याचे सांगतो, त्यात गैर काही नाही. आपल्या फायद्याचे काय, हे मात्र ज्याचे त्यालाच पाहावे लागते. या लेखात तोच हिशेब मांडावयाचा आहे.

तीन रस्ते, तीन वेगळ्या जबाबदाऱ्या

पहिला रस्ता खरेदीचा. रोखीने असो वा कर्जाने, गाडी आपल्या नावावर होते. कर्ज असेल तर आरसी बुकावर वित्त कंपनीचा बोजा चढतो आणि शेवटचा हप्ता भरल्यावर तो उतरवून घ्यावा लागतो. गाडीची झीज, मोडतोड आणि शेवटी येणारी किंमत सगळी आपली.

दुसरा रस्ता भाडेपट्ट्याचा, म्हणजे लीजचा. येथे मालकी कंपनीची आणि वापर आपला. याचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात कंपनी गाडीची जवळजवळ पूर्ण किंमत भाड्यातून वसूल करते, विमा-दुरुस्ती आपल्यावर असते आणि मुदतीअखेर नाममात्र रकमेत गाडी आपल्याला मिळते. हे नाव भाड्याचे असले तरी काम कर्जाचेच होय. दुसऱ्या प्रकारात तीन-चार वर्षे भाडे भरून गाडी परत करावयाची असते आणि विमा, दुरुस्ती, टायर वगैरे बहुधा भाड्यातच धरलेले असते. खरा भाडेपट्टा हाच.

तिसरा रस्ता आपल्याकडे सर्वांत जुना. नाक्यावरच्या गाडीवाल्याशी बोलून वर्दीपुरती किंवा महिन्याच्या बोलीवर गाडी लावणे. याला कोणी ‘लीज’ म्हणत नाही, पण हिशेबात तो विसरून चालत नाही. अनेकांना खरा फायदा याच रस्त्याने होतो.

भाडेपट्ट्याचा धंदा आपल्या देशाला नवा नाही. १९७३ मध्ये मद्रासला ‘फर्स्ट लीजिंग कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. नव्वदच्या दशकात तर लीजिंग कंपन्यांचे पेवच फुटले होते. त्यांतल्या कित्येक बुडाल्या आणि ठेवीदारांचे पैसे गेले. १९९७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अशा वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी सक्तीची झाली. सबब कर्ज अथवा वित्तीय भाडेपट्टा देणारी कंपनी दारात आली की पहिला प्रश्न तिच्या नोंदणीचा विचारावा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कंपन्यांची यादी पाहावयास मिळते.

आकडे काय सांगतात?

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. आपापल्या दरपत्रकातील आकडे घालून प्रत्येकाने हाच हिशेब पुन्हा करावा. चालकाचा पगार, डिझेल आणि टोल तिन्ही रस्त्यांत सारखेच लागतात, म्हणून ते बाजूला ठेवले आहेत.

समजा, एक पिकअप करासह दहा लाख रुपयांची आहे. दोन लाख आपण भरले आणि आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी, घटत्या शिलकीवर ११ टक्के दराने घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये बसतो. साठ हप्त्यांचे १०,४४,००० आणि आधीचे दोन लाख मिळून १२,४४,००० रुपये झाले. विमा, दुरुस्ती, टायर, पासिंग यांसाठी वर्षाला सरासरी एक लाख धरले तर आणखी पाच लाख, म्हणजे एकूण १७,४४,०००. पाच वर्षांनी गाडी चार लाखांना गेली, तर निव्वळ खर्च १३,४४,००० रुपये, म्हणजेच महिन्याला २२,४०० रुपये.

तीच गाडी भाडेपट्ट्याने घेतली आणि सर्व सेवांसह महिन्याचे भाडे २४,००० रुपये ठरले. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२० रुपये, एकूण २८,३२०. खरेदीपेक्षा महिन्याला जवळपास सहा हजार जास्त. पाच वर्षांत हा फरक साडेतीन लाखांवर जातो.

ज्याची जीएसटी नोंदणी आहे आणि ज्याला भरलेल्या कराची वजावट मिळते, त्याचे चित्र थोडे निराळे दिसेल. त्याला भाडे २४,००० लाच पडते. पण खरेदीवरच्या कराचीही वजावट त्याला मिळत असल्याने, आणि गाडी विकताना थोडा कर परत द्यावा लागला तरी, त्याची खरेदी महिन्याला वीस-एकवीस हजारांवर उतरते. फरक तीन-चार हजारांचा राहतो. गाडी बंद पडण्याची, किंमत उतरण्याची आणि कटकटीची जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर टाकण्याचा तो मोबदला समजावा.

या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा फेरविक्रीचा आहे. वरची गाडी चारऐवजी दोन लाखांनाच गेली, तर खरेदीचा महिना २२,४०० वरून सुमारे २५,७०० होतो. चालकाने गाडी कशी हाकली, ऑइल वेळेवर बदलले की नाही, जादा माल कोंबला की नाही, यावर हे दोन लाख ठरतात. स्वतः लक्ष घालणाऱ्या मालकाला खरेदी लाभते आणि गाडीचे बॉनेटही न उघडणाऱ्याला ती महाग पडते. पाच वर्षांनी हप्ते संपल्यावर गाडी आणखी तीन-चार वर्षे चालविणाऱ्याचा तर खरा फायदा तेथूनच सुरू होतो. भाडेपट्ट्यात ते दिवस कधी येत नाहीत.

‘सात टक्के’ म्हणजे सात टक्के नव्हे

कर्ज घेताना एक शब्द नीट ऐकावा, तो म्हणजे ‘फ्लॅट’. आठ लाखांवर सात टक्के फ्लॅट, पाच वर्षे, असे सांगितले तर व्याज होते २,८०,००० आणि हप्ता बरोबर १८,०००. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजले तर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या आठ लाखांवरच आकारले जाते, म्हणून असे होते. वर धरलेला ११ टक्क्यांचा हप्ता १७,४००, आणि हा ‘सात टक्क्यांचा’ १८,०००! दर विचारू नका, हप्ता आणि एकूण परतफेड विचारा, म्हणजे फसगत होणार नाही.

घाट, पाऊस आणि किलोमीटर

भाडेपट्ट्याचे दर ठरतात ते सरासरी रस्ता धरून. आपला रस्ता सरासरी नाही. खोपोलीहून लोणावळ्याला येताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर चढते आणि परतताना तेवढीच उतरते. क्लच प्लेट, ब्रेक लायनर आणि टायर यांचे आयुष्य येथे सपाटीपेक्षा कमी असते. पावसाचे तर विचारूच नका. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने ओलीत उभी राहणारी गाडी खालून गंजते, पाटे कुरकुरू लागतात, वायरिंगमध्ये ओल जाते.

सर्व सेवांसह खरा भाडेपट्टा असेल तर ही झीज कंपनीची, म्हणजे आपल्या फायद्याची. मात्र करारात ‘वाजवी झीज वगळून’ असा शब्द असतो आणि वाजवी कशाला म्हणायचे, हे गाडी परत करताना कंपनीचा माणूस ठरवतो. गंज, काचेचा तडा, हौद्याला पडलेले पोचे यांचे वेगळे पैसे लागतील काय, हे आधीच लिहून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना आणि परत करताना चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

दुसरी मेख किलोमीटरची. लोणावळ्याहून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डाला जाऊन येणे म्हणजे सुमारे १३० किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस गाडी गेली तर ३,३८० किलोमीटर झाले. करारात महिन्याला २,५०० ची मर्यादा आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला पाच रुपये असतील, तर ८८० किलोमीटरचे ४,४०० रुपये आणि त्यावर कर. म्हणजे २४ हजारांची गाडी साडेअठ्ठावीस हजारांवर गेली! भाड्याचा आकडा पाहून खूश होण्याआधी आपल्या जुन्या गाडीचे मीटर पाहावे.

द्रुतगती मार्गाचाही विचार हवा. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला तेथे मज्जाव असल्याने तीनचाकी मालगाडीला जुन्या रस्त्यानेच जावे लागते. जुलै २०२४ पासून द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची वाहतूक व्यवस्था सुरू झाली आहे आणि वेगमर्यादा मोडली की चलान निघते ते गाडीच्या नंबरावर. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर चलान तिच्याकडे जाते आणि वरचा खर्च लावून आपल्याकडे येते. फास्टॅग कोणाच्या नावाने आणि चलानावर किती सेवाशुल्क, हेही विचारून ठेवावे.

हंगाम आणि बंदीचा हुकूम

लोणावळ्याचा धंदा हंगामी आहे. पावसाळ्यातल्या सुट्ट्या, दिवाळी, नाताळ आणि उन्हाळा एवढे दिवस काम भरपूर, एरवी थंड. भात कापणीनंतरची वाहतूक तशीच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ आज दूरवर जातो, पण त्याची घाई वर्षभर नसते. अशा कामासाठी बारा महिन्यांचा बोजा घेणे शहाणपणाचे नाही.

वरच्याच उदाहरणात पाहा. स्वतःच्या गाडीचा वर्षाचा खर्च २२,४०० गुणिले १२, म्हणजे २,६८,८०० रुपये. नाक्यावरचा गाडीवाला, चालकाचा पगार वजा जाता, महिन्याला ४०,००० मागतो. दर दीडपट-पावणेदोनपट वाटतो. पण चार महिन्यांचे काम असेल तर १,६०,००० मध्ये भागते. सुमारे पावणेसात महिने काम असेल तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत येतात. थोडक्यात, वर्षात सात महिन्यांहून कमी काम असलेल्या गाडीवर मालकीही नको आणि लांब मुदतीचा भाडेपट्टाही नको. उरलेल्या दिवसांत गाडीला दुसऱ्याची वर्दी मिळण्याची खात्री असेल तर गोष्ट वेगळी.

हंगामावरही भरवसा पुरा नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर कडक निर्बंध लावले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील पूल कोसळून चौघांचा जीव गेला आणि पुन्हा ऐन पावसाळ्यात निर्बंध आले. माणसांच्या जिवापुढे धंदा दुय्यम, हे खरेच. पण गाडीच्या भाड्याची तारीख अशा हुकुमाने पुढे ढकलली जात नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

२०२० च्या टाळेबंदीत हा धडा सर्वांना मिळाला. मार्च ते ऑगस्टपर्यंतचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली, ती बँका व वित्त कंपन्यांच्या मुदत-कर्जांना. गाडीच्या साध्या भाड्याला ती सवलत नव्हती. तेथे करारात काय लिहिले आहे आणि कंपनी किती समजून घेते, यावरच सारे होते. म्हणून प्रवासी गाड्या घेणाऱ्यांनी सरकारी बंदीच्या काळात भाडे माफ किंवा कमी होण्याचे कलम मागावे. मिळाले नाही तर मुदत तरी कमी करून घ्यावी.

कायद्याच्या नजरेत मालक कोण?

पुष्कळांची समजूत असते की गाडी कंपनीच्या नावावर आहे, तेव्हा अपघाताची जबाबदारीही तिचीच. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या निराळी आहे. गाडी भाडेखरेदी, भाडेपट्टा अथवा तारण-कराराखाली असेल तर ज्याच्या ताब्यात ती आहे, तो या कायद्यापुरता मालक ठरतो. म्हणजे चालकाकडे योग्य परवाना आहे की नाही, विमा चालू आहे की नाही, माल जास्त भरला की नाही, याची विचारणा आपल्यालाच होणार. विमा कंपनीने उतरविला असे सांगितले तरी विम्याची प्रत आपल्या गाडीत आणि तिची मुदत आपल्या वहीत असली पाहिजे.

करार कर्जाचा असो वा भाडेपट्ट्याचा, त्याची नोंद आरसी बुकावर व्हावी लागते. मावळच्या गाड्यांची ही कामे पिंपरी-चिंचवडच्या, म्हणजे एमएच १४ च्या कार्यालयात होतात. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यावरील गाडीला लागते. नव्या मालवाहू व प्रवासी गाडीचे पासिंग दोन वर्षांचे, पुढे आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, असा २०१८ पासूनचा नियम आहे. पासिंगच्या दिवसांत बदली गाडी कोण देणार, हा भाडेपट्ट्यात विचारण्यासारखा प्रश्न.

पर्यटकांना गाड्या देणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे-घेणे बेकायदा आहे. चालकाविना गाडी भाड्याने द्यायची तर १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान पन्नास गाड्यांचा ताफा असावा लागतो. स्वस्तात मिळाली म्हणून ओळखीच्याची खासगी गाडी हॉटेलच्या पाहुण्यांसाठी लावली आणि घाटात अपघात झाला, तर विमा कंपनी अटभंगाचे कारण पुढे करते आणि नुकसानभरपाई लावणाऱ्याच्या घरादारावर येते.

हप्ता थकल्यावर गाडी ओढून नेण्याचे प्रकारही ऐकू येतात. भाडेखरेदीचा कायदा संसदेने १९७२ मध्ये केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे आपले हक्क बरेचसे आपण सही केलेल्या करारावर उभे असतात. मात्र वसुलीसाठी गुंड पाठविण्याचा हक्क कोणालाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट शब्दांत बजावले आहे.

कराचा फायदा खरा किती?

‘भाडे पूर्ण खर्चात दाखवता येते’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी हमखास असते. ते खरे आहे. पण विकत घेतलेल्या गाडीवरही घसारा आणि कर्जाचे व्याज खर्चात धरता येतेच. भाड्याने चालविण्याच्या धंद्यातील ट्रक, बस, टॅक्सी यांना घसाऱ्याचा दर वर्षानुवर्षे ३० टक्के आणि स्वतःच्या धंद्यासाठी वापरलेल्या इतर गाड्यांना १५ टक्के राहिला आहे. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्या वर्षापुरता त्याच्या निम्मा. लहान वाहतूकदाराला दहा मालगाड्यांपर्यंत अंदाजित उत्पन्नावर कर भरण्याची सोय आहे, तीही स्वतःच्या किंवा हप्त्यावर घेतलेल्या गाडीसाठी. निव्वळ भाडेपट्ट्याच्या गाडीला तिचा उपयोग नाही.

जीएसटीत दोन बारकावे आहेत. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, पण भाड्याच्या पूर्ण रकमेवर आहे. म्हणजे भाड्यात दडलेल्या व्याजावरही कर बसतो. दुसरे, तेरा आसनांपर्यंतची प्रवासी गाडी दुकानाच्या किंवा मालकाच्या वापरासाठी असेल तर खरेदी असो वा भाडे, कराची वजावट मिळत नाही. मालगाडीला ती मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरील दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो आणि ते नुकसान ज्याच्या मालकीची गाडी त्याचे. मालकीच्या जोखमीचा हा ताजा नमुना होय.

व्याजाचा प्रश्न

आपल्या वाचकांपैकी अनेकांना कर्जाचा हप्ता परवडतो की नाही यापेक्षा तो घ्यावा की नाही, हा प्रश्न मोठा वाटतो. भाडेपट्टा, म्हणजे इजारा, इस्लामी फिक्हला मान्य असलेला जुना व्यवहार आहे. म्हणून ‘लीज’ असे नाव दिसले की काही जण निश्चिंत होतात. पण नाव पाहून भागत नाही.

इस्लामी परिषद संघटनेच्या फिक्ह अकादमीने २००० मध्ये रियाधच्या बैठकीत मालकीत संपणाऱ्या भाडेपट्ट्याविषयी ठराव केला. त्याचा आशय असा की भाड्याचा आणि विक्रीचा करार वेगवेगळा असावा आणि वस्तूची जोखीम भाड्याच्या काळात मालकाकडेच राहावी. एकाच करारात भाडे भरता भरता आपोआप मालकी येणे त्यात बसत नाही. या कसोटीवर तीन प्रश्न विचारावेत. आपली चूक नसताना गाडी जळाली वा पुरात वाहून गेली, तर पुढचे भाडे थांबते काय? गाडी ताब्यात येण्याआधीच भाडे सुरू होते काय? उशीर झाला तर दंडावर दंड चढत जातो काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर तो व्यवहार नावानेच भाड्याचा आहे. अशा वेळी दस्त जाणकार उलेमांना दाखवावा, नुसते नाव सांगून फतवा मागू नये.

ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांच्यासाठी तिसरा रस्ताही आहे, तो भागीदारीचा. दोन-तीन नातलगांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून रोखीने जुनी पण चांगली गाडी घ्यावी, भाग ठरवावा, नफा-तोटा त्या प्रमाणात वाटावा. नवी गाडी दारात उभी करण्याचा रुबाब त्यात नाही, पण महिन्याच्या पाच तारखेची धास्तीही नाही. फक्त एक पथ्य पाळावे. भाऊ-भाऊ असले तरी सारे लेखी असावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि भागीदारीतली बहुतेक भांडणे तो न पाळल्यामुळेच होतात.

मोठ्यांनी काय अनुभवले?

हा प्रश्न फक्त लहान व्यापाऱ्यापुढे आहे असे नाही. आपल्या एसटीनेही दोन्ही रस्ते चालून पाहिले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘शिवशाही’त स्वतःच्या आणि खासगी मालकांकडून भाड्याने घेतलेल्या, अशा दोन्ही बस होत्या. पुढे २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला, पण त्या ठरल्या वेळेत मिळाल्या नाहीत. आणखी १,३१० बस भाड्याने घेण्याची प्रक्रिया वादात सापडून २०२५ च्या सुरुवातीस थांबविली गेली आणि स्वमालकीच्या बसवर भर देण्याची भाषा सुरू झाली. पुण्याच्या पीएमपीएमएलकडेही स्वतःच्या आणि ठेकेदारांच्या, अशा दोन्ही बस आहेत. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांवरून ठेकेदारांनी बस उभ्या केल्या, तेव्हा हाल झाले ते प्रवाशांचे.

यातून भाड्याची गाडी वाईट असा अर्थ काढू नये. पीएमपीएमएलने २०१९ मध्ये निगडी आणि भेकराईनगर आगारांतून विजेच्या बस सुरू केल्या, त्या भाडेतत्त्वावरच. तंत्र नवे, बॅटरीचे आयुष्य अनिश्चित, पाच वर्षांनी किंमत काय येईल ते सांगता येत नाही, अशा ठिकाणी जोखीम दुसऱ्यावर टाकणे योग्यच. विजेची मालगाडी घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे. धडा एवढाच की ज्या कामावर आपले नाव उभे आहे, ते सगळेच्या सगळे दुसऱ्याच्या गाड्यांवर सोपवू नये.

मग करावे काय?

बाराही महिने ज्या कामाला खंड नाही, जसे दूध, पाव, अंडी किंवा कारखान्याची बांधलेली फेरी, त्यासाठी गाडी स्वतःची असावी, आणि ती हप्ते संपल्यावरही चालवावी. हंगामाच्या कामाला नाक्यावरची गाडी लावावी आणि त्या गाडीवाल्याचे पैसे वेळेवर द्यावेत, म्हणजे ऐन गर्दीत तो आपल्याला सोडून जाणार नाही. कारखान्याचे दोन-तीन वर्षांचे लेखी काम हातात असेल आणि भांडवल अडकवायचे नसेल, तर तेवढ्याच मुदतीचा खरा भाडेपट्टा घ्यावा. कामाची मुदत दोन वर्षांची आणि गाडीची पाच वर्षांची, अशी गल्लत कधीही करू नये. पुष्कळ धंदे याच गल्लतीने बुडतात.

आणि सही करण्याआधी करारातली ही सहा कलमे मराठीत समजावून घ्यावीत :

१. मुदतीआधी गाडी परत केल्यास किती महिन्यांचे भाडे भरावे लागते?

२. किलोमीटरची मर्यादा महिन्यावर आहे की वर्षावर? वर्षावर असेल तर हंगामी धंद्याला ती सोयीची.

३. गाडी बंद पडल्यास किती तासांत बदली गाडी मिळेल आणि न मिळाल्यास भाडे कापले जाईल काय?

४. दुरुस्तीचे अधिकृत गॅरेज तळेगाव-लोणावळा पट्ट्यात आहे की दर वेळी पिंपरी-चिंचवड गाठावे लागेल?

५. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाल्यास विम्याची रक्कम आणि बाकी देणे यांतला फरक कोणाच्या माथी?

६. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल आणि तिच्यातून काय काय कापले जाईल?

या सहा प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत. तोंडी उत्तर देणारा माणूस वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, कागद मात्र राहतो. चार दिवस उशीर झाला तरी चालेल. गाडी कोठे पळून जात नाही. एकदा सही झाली की पुढची चार-पाच वर्षे महिन्याचा आकडा आपल्या कमाईतून आधी निघतो आणि उरलेल्यावर घर चालते. म्हणून तो आकडा दुसऱ्याने सांगितलेला नसावा. आपल्या वहीत, आपल्या हाताने मांडलेला असावा.